तुटलेला शाफ्ट भंगारात टाकू नका: नवा करायला देण्याआधी काय पाहायचं, काय मोजायचं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक फरसाणवाले काका तिसऱ्यांदा तोच शाफ्ट घेऊन आले. पीठ मळायच्या मशीनचा, मोटर आणि टाकी यांच्या मधला, पट्ट्यांवर फिरणारा दांडा. पहिला साध्या एमएसचा, म्हणजे मऊ पोलादाचा होता. दुसरा आम्हीच ईएन-८ या जास्त मजबूत पोलादात करून दिला. तिसरा त्यांनी बाहेरून त्याहून भारी ईएन-२४ मध्ये करून घेतला. तिन्ही एक-दोन महिन्यांत तुटले, आणि तिन्ही एकाच ठिकाणी, जिथे ३५ मिलिमीटरचा शाफ्ट पुलीसाठी ३० चा होतो त्या पायरीवर. "आता याच्यापेक्षा भारी मटेरियल कुठलं, तेवढं सांगा," काका म्हणाले. मी आधीचे तुकडे मागितले. ते भंगारात गेले होते.

भारी मटेरियलचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या शाफ्टच्या वेळी नमुना समोर ठेवून आम्ही तो जसाच्या तसा उतरवला, म्हणजे त्यातली चूकही उतरवली. ते मला अजून लागतं. म्हणून पुढचं सगळं लिहितोय. गिरणी असो, सोसायटीचा पंप असो की कारखान्यातला कन्व्हेयर, शाफ्ट तुटला की याच क्रमाने जा.

आधी तुटलेलं तोंड वाचा

मशीनचा फ्यूज काढून ठेवा आणि मग हात घाला. दोन्ही तुकडे जपून काढा. ते एकमेकांवर बसवून बघायचा मोह होतो, पण बसवू नका. घासून खुणा जातात. तारेचा ब्रशही मारू नका. तोंडाला थोडं तेल लावून कागदात गुंडाळा आणि उजेडात नेऊन बघा.

तोंडाचा बराच भाग गुळगुळीत असेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा असतील आणि एखाद्या कोपऱ्यात खरबरीत, दाणेदार पट्टा असेल, तर शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नाही. भेग आधीच पडली होती, ती रोज थोडी थोडी आत सरकत होती, आणि शेवटी उरलेला दाणेदार तुकडा भार न पेलवून सुटला. याला फटीग म्हणतात. दाणेदार भाग मोठा असेल तर भार खरंच जास्त होता. तो लहान असेल तर भार बेताचाच होता, फक्त एका जागी ताण साचत होता. काकांच्या शाफ्टचा दाणेदार भाग मटारच्या दाण्याएवढा होता आणि परिघावर चहूबाजूंनी बारीक भेगा सुरू झालेल्या दिसत होत्या. म्हणजे पायरीचा कोपरा धारदार होता आणि शाफ्ट फिरता फिरता वाकत होता.

पिळामुळे तुटलेला शाफ्ट वेगळा दिसतो. शाळेतला खडू दोन हातांत धरून पिळून बघा. तो सरळ आडवा तुटत नाही, जिन्यासारखा तिरका, ४५ अंशांत फुटतो. कडक केलेला शाफ्ट पिळाने असाच तिरका जातो. मऊ पोलादाचा मात्र आडवा, सपाट सुटतो आणि तोंडावर भोवऱ्यासारखी घासण दिसते. असं दिसलं तर मशीन कुठे जाम झालं होतं ते आधी शोधा. शाफ्टचा विचार नंतर.

फटीग म्हणजे म्हातारपण, असा समज आहे. तो खोटा आहे. काकांचा शाफ्ट मिनिटाला ४८० फेरे घ्यायचा आणि मशीन दिवसाला दहा तास चालायचं, म्हणजे रोज २ लाख ८८ हजार फेरे. पट्टा एकाच बाजूला ओढतो, त्यामुळे शाफ्टच्या कातडीवरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. पोलादाचं वैशिष्ट्य असं, की ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर कितीही फेरे झाले तरी ते तुटत नाही, आणि वर असेल तर साधारण दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांत ते दिसून येतं. इथे साडेतीन दिवसांत दहा लाख होतात आणि पस्तीस दिवसांत एक कोटी. शाफ्ट दीड महिन्यात तुटत होता तो याच हिशोबाने.

हे कळायला माणसांचे जीव गेलेत. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला आणि आगीत अनेकजण होरपळले. तेव्हापासून अ‍ॅक्सल का तुटतात याचा मागोवा सुरू झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं फिरवून ही मर्यादा मोजून दाखवली.

हा शाफ्ट नेमकं कुठलं काम करतो?

शाफ्टवर मुख्यतः दोन गोष्टी येतात, पीळ आणि वाक. सायकलच्या पुढच्या चाकाचा दांडा फिरतही नाही, फक्त वजन पेलतो. रेल्वेच्या डब्याचा अ‍ॅक्सल चाकांसकट फिरतो, पण त्याचंही काम वजन पेलायचं. या दोघांवर भार वाकेचा. ताकद इकडून तिकडे नेणारा तो खरा शाफ्ट, आणि त्याच्यावर पीळ येतोच. पुली, गिअर किंवा चेन लावली की वाकही येते. मोटर आणि पंप कपलिंगने सरळ रेषेत जोडले असतील तर वाक नगण्य असते, निदान असायला हवी. म्हणून पट्ट्यावरून कपलिंगवर किंवा उलट बदल करताना जुन्या शाफ्टचा व्यास तसाच धरू नका.

रसवंतीचा चरक सावकाश फिरतो, पण ऊस चेपायला पीळ प्रचंड लागतो. म्हणून त्याच्या रोलरचा शाफ्ट मोटरच्या शाफ्टपेक्षा कितीतरी जाड दिसतो, ताकद तेवढीच असूनही. जितके फेरे कमी, तितका पीळ जास्त, हे मनात पक्कं करा.

सोसायटीच्या पंपाची गोष्ट वेगळी. मोनोब्लॉकमध्ये, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असतात त्यात, मोटरच्याच शाफ्टच्या टोकावर इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) बसतो आणि तो मिनिटाला २८८० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. असा शाफ्ट क्वचितच तुटतो. तो झिजतो आणि गंजतो, सीलच्या जागीच. सीलमधून थेंब पडू लागले की लोक सील बदलतात, महिन्याभरात पुन्हा थेंब, पुन्हा सील. शाफ्टवर नख फिरवून बघा. खळगा लागला तर नवं सील टिकणार नाही. तिथे एसएस-४१० या स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट करा किंवा बदलता येईल अशी स्लीव्ह (बाहेरून बसणारी नळी) चढवा. सील बसतं तिथे शाफ्टचा आऊट, म्हणजे फिरताना तो मधून किती हलतो ते, ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा.

लेथचा स्पिंडल तुटण्याच्या भीतीने जाड करत नाहीत. तो वाकू नये म्हणून जाड करतात. वाकला की जॉब गोल होत नाही. तो पोकळ असतो, आणि पोकळ असणं हा कमकुवतपणा नाही. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन पाव हिश्श्याने घटतं, पण पिळाची ताकद फक्त सहा-सव्वासहा टक्के कमी होते. कारण सगळं काम बाहेरची कातडी करते, मधलं लोखंड जवळजवळ बसून असतं.

ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट म्हणूनच नळीचा असतो. लांब आणि बारीक भरीव दांडा एका ठराविक वेगाला उड्या मारायच्या दोरीसारखा फुगतो. लांबी दुप्पट केली की हा धोक्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांब गाड्यांत दोन तुकडे आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं. पुण्याच्या नाना पेठेतून नवे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे, कोनात फिरू देणारे सांधे) आणून बसवल्यावर गाडी थरथरायला लागली, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. क्रॉस चांगलेच असतात. झालेलं असतं असं: एक क्रॉस कोनात फिरताना पुढच्या बाजूचा वेग दर फेऱ्याला दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा हेलकावा खोडून काढतो, पण मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे फाटे एकाच पातळीत असले तरच. खोलून परत घालताना सरकता स्प्लाइन (लांबीला दाते असलेला जोड) एक-दोन दात चुकला की हेलकावा खोडला न जाता तसाच राहतो. खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने एक खूण मारा, एवढंच करायचं असतं.

क्रँकशाफ्ट आपल्या शहराचा अभिमान आहे. मुंढव्याची भारत फोर्ज हे फोर्ज करते, म्हणजे तापलेलं पोलाद दाबून घडवते. फोर्जिंगमध्ये पोलादाचे तंतू वळणाबरोबर वळतात, कापले जात नाहीत, आणि प्रत्येक जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) मुळाशी गोलाई रोल केलेली किंवा कडक केलेली असते. ग्राइंडिंगला देताना ती गोलाई खाऊन टाकणारा कारागीर भेटला तर इंजिन पुन्हा खोलावं लागणार हे नक्की. कॅमशाफ्ट फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो तुटण्यापेक्षा लोबवर, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यावर झिजतो. बांधकामावर काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची लांब नळी म्हणजेही शाफ्टच आहे, आत तारांचे थर उलटसुलट गुंडाळलेले असतात. तो एकाच दिशेने फिरवायचा. मोटरची फेज उलटी लागली की तारा उलगडायला लागतात.

ट्रॅक्टरच्या पीटीओबद्दल, म्हणजे मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या शाफ्टबद्दल, मात्र थांबून बोलतो. ५४० आरपीएम (मिनिटाला फेरे), सहा स्प्लाइनचा, ३५ मिलिमीटरचा शाफ्ट रोटाव्हेटरला जातो. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर गैरसोयीचं वाटतं म्हणून जुन्नर-पुरंदरकडे अनेक शेतांत ते काढून ठेवलेलं मी पाहिलंय. सेकंदाला नऊ फेरे होतात. धोतराचा सोगा किंवा ओढणी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. कव्हर नसलेला पीटीओ दुरुस्तीला आला तर आम्ही आधी कव्हर आणायला सांगतो.

हिशोब: पाच मिनिटांचा आहे, टाळू नका

पीळ न्यूटन-मीटरमध्ये काढायचा तर ९५५० ला किलोवॅटने गुणा आणि आरपीएमने भागा. काकांची मोटर पाच एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅट. १४४० वर पीळ येतो सुमारे २४.५, ४८० वर ७३.६, आणि गिअरबॉक्सने ४८ पर्यंत उतरवला तर ७३६.

आता ताण. वर्कशॉपच्या सवयीप्रमाणे किलो आणि मिलिमीटर धरू. पीळ किलो-मिलिमीटरमध्ये घ्या, ५.१ ने गुणा, व्यासाच्या घनाने भागा. काकांच्या शाफ्टला पीळ ७३.६ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ७५०० किलो-मिलिमीटर, आणि व्यास ३०, म्हणून ताण चौरस मिलिमीटरला १.४ किलो. चावीची (पुली शाफ्टवर घसरू न देणाऱ्या तुकड्याची) खाच असलेल्या साध्या पोलादी शाफ्टला हा ताण सव्वाचार किलोच्या आत ठेवायचा, असा जुना नियम आहे. पिळाच्या दृष्टीने शाफ्ट भरपूर होता.

मग वाक. पट्टे तारेसारखे ताणलेले होते. दोन्ही बाजू मिळून ओढ २०० किलो धरली. पुलीच्या मध्यापासून पायरीपर्यंत अंतर १२० मिलिमीटर. २०० गुणिले १२०, गुणिले १०.२, भागिले ३० चा घन, म्हणजे ९ किलो. पिळाच्या सहापटीहून जास्त! धारदार कोपऱ्यावर हा ताण अडीच-तीन पट होतो, म्हणजे पंचवीस किलोच्या पुढे. ईएन-८ झटक्याला पंचावन्न-साठ किलो सहज सोसतं, पण रोज लाखो वेळा उलटसुलट ताण आला तर व्यवहारात पंधरा-वीस किलोच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. शाफ्ट तुटणारच होता.

व्यास वाढवला तर काय होतं तेही बघा. २५ चा ३० केला तर ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते आणि वाकायला विरोध दुपटीहून थोडा जास्त होतो. पण शाफ्ट जाड केला की बेअरिंग, पुलीचं बोअर, हाऊसिंग सगळं बदलतं. म्हणून आधी भार कमी करता येतो का ते पाहा.

मटेरियल

बहुतेक कामाला ईएन-८ पुरतं. त्यात ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. धक्के आणि भार दोन्ही असतील तर ईएन-१९ किंवा ईएन-२४, टफनिंग (तापवून-थंड करून चिवट करणं) करून. शाफ्टवरच गिअरचे दात कापायचे असतील तर २० एमएनसीआर ५ सारखं केस हार्डनिंगचं पोलाद, म्हणजे वरची कातडी कडक आणि आतला गाभा चिवट राहतो. पाण्यात एसएस.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. शाफ्ट वाकतोय, थरथरतोय ही तक्रार असेल तर भारी पोलादाने काही फरक पडत नाही. एमएस काय आणि ईएन-२४ काय, तितक्याच भाराला ते जवळजवळ तितकेच लवचतात. तिथे व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. दुसरी गोष्ट, पोलाद जितकं कडक तितका त्याला धारदार कोपरा जास्त बाधतो. ईएन-२४ चा शाफ्टही का गेला त्याचं उत्तर यात आहे. भवानी पेठेतून बार आणताना हीट नंबर (पोलादाच्या घाणाचा नंबर) आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. रंग बघून ग्रेड ओळखतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

तुटलेला शाफ्ट वेल्डिंगने जोडू नका. ईएन-८ मध्ये वेल्डशेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढचं तुटणं तिथेच होतं. बेअरिंगची जागा नुसती झिजली असेल तर मेटल स्प्रे किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंड करता येते. पंच मारून बेअरिंग टाईट करायची पद्धत मात्र सोडून द्या. बेअरिंग त्या टोकांवर बसतं, आठ दिवसांत टोकं चेपतात आणि ते पुन्हा फिरायला लागतं.

माप आणि ड्रॉइंग

झिजलेल्या शाफ्टवर मायक्रोमीटर लावून बेअरिंगची जागा ठरवू नका. बेअरिंगचा नंबर वाचा. ६२०७ म्हणजे बोअर ३५, बाहेरचा व्यास ७२, रुंदी १७. पट्ट्याच्या भाराला तिथे शाफ्ट ३५.००२ ते ३५.०१८ मध्ये हवा. हे व्हर्नियरचं काम नाही. चावीही व्यासावरून ठरते. ३० ला ८ बाय ७ ची चावी, खाच ४ मिलिमीटर खोल.

सगळ्या लांब्या एकाच तोंडापासून लिहा. तुकड्या-तुकड्यांनी लिहिल्या की फरक साचत जातो. आणि प्रत्येक पायरीवर रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, लिहा. लिहिला नाही तर टर्नर त्याच्या टूलला असेल तो कोपरा देईल, त्यात त्याचा दोष नाही. बेअरिंग टेकतं त्या खांद्यावर रेडियस बेअरिंगच्या कोपऱ्यापेक्षा लहान हवा, ६२०७ ला १ मिलिमीटर. नाहीतर बेअरिंग खांद्यावर टेकतच नाही. इतर पायऱ्यांवर जागा असेल तितका मोठा द्या. आम्ही ३५-३० च्या पायरीवर २ मिलिमीटर दिला. त्याने कोपऱ्यावरचा ताण तिपटीवरून पावणेदोन पटीच्या आसपास आला. पुली खांद्याला टेकवायची गरजच नव्हती, ती चावीवरच्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरली. शिवाय पुली उलटी बसवली, त्यामुळे तिचे खोबण बेअरिंगकडे सरकले आणि १२० चे ६० मिलिमीटर झाले. वाक तिथेच निम्मी झाली. पोलाद पुन्हा साधं ईएन-८.

लेथवर क्रम महत्त्वाचा

दोन्ही तोंडं फेस करून सेंटर मारा आणि ती सेंटरं शेवटपर्यंत जपा. पुढे कधी ग्राइंडिंगला दिला तर तीच उपयोगी पडतात. आधी रफ टर्निंग, मग टफनिंग, मग फिनिश टर्निंग, बेअरिंगच्या जागी ०.३ मिलिमीटर राखून. कीवे, म्हणजे चावीची खाच, ग्राइंडिंगच्या आधी काढा. ब्राइट बारमध्ये (थंड ओढून काढलेल्या चकचकीत बारमध्ये) ओढताना ताण अडकलेला असतो, एका बाजूने खाच काढली की बार केळ्यासारखा वळतो. ग्राइंडिंग झाल्यावर कीवे काढला तर सगळी मेहनत वाया. खाच पायरीच्या रेडियसपर्यंत नेऊ नका, अलीकडे थांबवा. चकतीच्या कटरने काढलेली खाच टोकाला होडीसारखी वर चढते. भेगेच्या दृष्टीने ती एंडमिलच्या उभ्या टोकापेक्षा बरी. शेवटी दोन्ही सेंटरमध्ये ग्राइंडिंग, मग व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेत) ठेवून आऊट मोजायला डायल लावा. ऑइल सील येणार तिथे आडव्या चऱ्याही नकोत, तेल त्यांच्या वाटेने बाहेर येतं.

बसवणं

बेअरिंग तेलात किंवा इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवा. तेवढ्यात ३५ चं बोअर ०.०३ मिलिमीटर फुलतं आणि बेअरिंग हाताने सरकतं. गॅसची ज्योत नको. ठोकावंच लागलं तर पाइपने फक्त आतल्या रिंगवर. दोन बेअरिंगपैकी एक घट्ट अडवा, दुसऱ्याला आडवं सरकायला जागा ठेवा. अर्धा मीटर शाफ्ट ४० अंश तापला तरी पाव मिलिमीटर वाढतो आणि जागा नसेल तर दोन्ही बेअरिंगं एकमेकांना दाबतात.

पुल्या दोऱ्याने एका रेषेत आणा. पट्टा मधोमध दाबून बघा. मोकळ्या लांबीच्या दर मीटरला १६ मिलिमीटर दबेल इतकाच ताण, दाबायचा जोर पट्ट्याच्या कंपनीच्या तक्त्यातून घ्या. कपलिंग असेल तर डायल लावूनच अलाइनमेंट करा. त्याआधी पायाचा एकेक बोल्ट सैल करून डायल बघा. पाय ०.०५ च्या वर उचलला तर शिम (पातळ पत्रा) घाला. नाहीतर बोल्ट आवळताना मोटरचं अंगच पिळलं जातं.

तासभर चालवून बेअरिंगवर हात ठेवा. हात ठेवताच येत नसेल तर बंद करून कारण शोधा. पहिल्या दिवसानंतर पट्टे पुन्हा तपासा, नवे पट्टे ढिले होतात. पुली आणि शाफ्टवरून एकच रंगाची रेघ ओढून ठेवा, पुली सरकली की ती तुटलेली दिसेल.

महिन्याभराने फ्यूज काढा, पुली उतरवा, पायरीवरचा रेडियस पुसून स्वच्छ करा आणि भेगेत शिरणारा लाल डाय फवारा. दहा मिनिटं थांबा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर मारा. काकांच्या शाफ्टवर पांढरं पांढरंच राहिलं. तुमच्याकडे केसाएवढी लाल रेघ उमटली तर मशीन त्याच दिवशी थांबवा. शाफ्ट अजून अखंड दिसत असला तरी भेग आत शिरलेली आहे, आणि यावेळी तुकडे पडण्याआधी ती तुमच्या हाती लागली आहे.